मान खाली

आधी माझीच फजिती सांगते. नाहीतर तुम्ही ती माझ्या बहिणीकडून ऐकाल आणि ती मीठमसाला लावून सांगेल. लावायचाच तर मीच लावते.

भाच्याच्या लग्नात नवरीचे वडील, म्हणजे आमचे व्याही, माझ्याकडे टक लावून बघत होते. एकदा बघितलं, म्हटलं असेल. जेवताना पुन्हा बघितलं. फोटोच्या वेळी सगळी मंडळी फोटोवाल्याकडे बघतायत आणि हे आपले माझ्याकडे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, मिशी कोरलेली, आणि नजर काही हटेना! मी बहिणीच्या कानात म्हटलं, "अगं, म्हातारा चळलाय वाटतं." ती म्हणाली, "तुझ्यावर? मग डोळे तपासायला हवेत त्याचे." बहिणीच त्या! मी मात्र पोट आत घेऊन, पाठ ताठ करून बसले. थोडी लाजलेही असेन, खोटं कशाला बोलू?

शेवटी आले जवळ. घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "विहीणबाई, राग मानू नका. मागून डावीकडे केस दोन बोटं जास्त सोडलेत. कोणी कापले?"

आता हसा. मी अजूनही हसते. पोट सोडलं ना तेव्हा, ते आजतागायत आत गेलेलं नाही.

तर हे व्याही सलूनवाले. लांबच्या एका लहान गावात यांचं सलून. एक खुर्ची, एक आरसा, त्याचा कोपरा उडालेला, समोर वाट बघणाऱ्यांसाठी बाकडं. खुर्ची जुनी, लोखंडी, पाय दाबला की कण्हत वर जाते. माणूस कुणीही येवो, बसला की पाठीमागून एकच आज्ञा होते, "मान खाली." तिथला फौजदार, तिथला हेडमास्तर, ज्याच्यापुढे कुणी ब्र काढत नाही तो सावकार, सगळ्यांनी मुकाट्यानं माना खाली घातलेल्या. लोक यांना पाठीमागे 'मानखाली' म्हणतात. "मानखालीकडे जाऊन येतो" म्हटलं की बायकोला कळतं, हा आता तासाभरानं येणार, कारण मानखाली कापतात कमी आणि बोलतात जास्त. आणि त्याचा माज तरी किती! "गावात अशी मान नाही जी माझ्यापुढे वाकली नाही," असं सांगतात. जसं काही राज्यच जिंकलंय. अहो, वाकणार नाही तर काय करेल? हातात वस्तरा आहे तुमच्या!

बरं, मुद्द्यावर येते. यांची एकुलती एक मुलगी आमच्या घरात आली आणि तिचा जीव तिकडे टांगलेला. वडील एकटे. दिवसभर उभं राहून गुडघे गेलेले. मागच्या हिवाळ्यात दुकानातच घेरी येऊन पडले, तर गिऱ्हाइकानं अर्ध्या दाढीनं उठून पाणी पाजलं. तेव्हापासून भाचेसून धड झोपत नाही. तिचं एकच म्हणणं, सलून विका आणि आमच्याकडे राहायला या. माझ्या भाच्यानं लगेच गिऱ्हाईकही शोधलं. त्याला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचंय. हो की नाही ते लवकर सांगा म्हणाला.

म्हणून व्याहींना चार दिवस बोलावून घेतलेलं, आणि शेवटच्या दिवशी शहर दाखवायचा बेत. त्याच संध्याकाळी त्या गिऱ्हाइकाचा फोन येणार, हो की नाही ते विचारायला. माझा भाऊ-वहिनी परदेशात, म्हणून मुलाकडची वडीलधारी मी. भाचा मला म्हणाला, "आत्या, तू बोलण्यात पटाईत. एकदा शहर बघितलं ना, की ते स्वतःच म्हणतील, इथेच राहतो. तू फक्त री ओढ."

दिवस कुठला निवडला? जेव्हा आभाळ फाटलं होतं तो. आमचा भाचा हुशार आहे, फक्त ती हुशारी कधी कामाला येत नाही.

गाडीत बसता बसताच पहिली ठिणगी पडली. व्याही मागच्या सीटवर माझ्या शेजारी. पुढे वाकून त्यांनी जावयाच्या डोक्याची पाहणी केली.

"जावईबापू, उजवा कल्ला खाली आलाय."

"नाही बाबा, सारखे आहेत. परवाच कापून आलो. मोठं सलून आहे, मशीननं करतात. मशीन चुकत नाही."

"मशीन नाही चुकत. ते धरणारा चुकतो."

"बाबा, सारखे आहेत."

"असतील. मला खालीवर दिसतात."

भाचेसून खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. मी दाबलं नाही.

पहिलं दर्शन चौकातल्या पुतळ्याचं. घोड्यावर बसलेला कुणीतरी, तलवार वर. कोण म्हणून विचारलं तर भाचा मोबाइलमध्ये शोधायला लागला. या शहरात राहून दहा पिढ्या झाल्यासारखा वागतो आणि रोज ज्याला वळसा घालून ऑफिसला जातो तो कोण हे माहीत नाही! तेवढ्यात व्याही दार उघडून खाली. छत्री गाडीतच. भर पावसात पुतळ्याच्या मागे जाऊन, कमरेवर हात ठेवून, मान वर करून उभे. लोकांना वाटलं असेल, कुणी वंशज आलाय. ओलेचिंब होऊन परत आले आणि माझ्या अंगावर पाणी झटकत म्हणाले, "पुढून कापलाय. मागून तसाच सोडलाय. नुसता दगडाचा गोळा."

"अहो, मागून कोण बघतं?" मी म्हटलं.

"हेच," ते म्हणाले. "इथे मागून कोणी बघत नाही."

मी मनात म्हटलं, झालं. आता माझ्या मागच्या दोन बोटांचा विषय निघणार. निघाला नाही, हे त्यांचे उपकार.

मग तो उंच मनोरा. लिफ्टनं वर जायचं आणि सगळं शहर पायाखाली बघायचं, अशी त्याची कीर्ती. वर गेलो तर चारही बाजूंना पांढरं. ढगात उभं राहून ढग बघितले आम्ही. बाकीची माणसं त्या पांढऱ्यापुढे उभी राहून स्वतःचे फोटो काढत होती. असले फोटो घरी चादरीपुढे उभं राहूनही निघतात, पण तिकीट काढल्याशिवाय चादरीला मान नाही. भाचा काचेवर बोट ठेवून सांगत होता, "इथे नदी आहे बाबा. इथे पूल. इथे आपलं घर."

व्याही म्हणाले, "सगळ्या शहराला साबण लावून ठेवलाय. आता वस्तरा कोण फिरवणार?"

"वस्तरा कशाला?" मी म्हटलं. "खाली तिकिटाच्या खिडकीवर झाली की आपली. भर पावसात बिनपाण्यानं!"

हसले. पहिल्यांदा त्या दिवशी हसले. भाच्यानं माझ्यावर डोळे वटारले, री ओढायला आणलं होतं ना! भाचेसून मात्र बापाच्या ओल्या शर्टाकडे बघत होती. "बाबा, थंडी वाजतेय का? गुडघा दुखतोय का?" दर पाच पावलांना हेच. तिला नदी दिसली नाही, पूल दिसला नाही, बापाचा गुडघा तेवढा दिसत होता. तिच्याकडे बघून मात्र माझी जीभ जरा आवरली. जरा.

पाऊस कमी होईना, म्हणून मॉलमध्ये शिरलो. आता मॉल म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. वर्षभर जी माणसं "काटकसर करा" म्हणून घरच्यांचं डोकं खातात, ती इथे जोडीनं फिरतात आणि काचेला नाक लावून पाकिटं, बूट, घड्याळं बघतात. घेत काही नाहीत. नाकाचे डाग तेवढे काचेवर ठेवून जातात. एक बिचारी बाई दिवसभर ते पुसत असते.

दारातच यंत्र किंचाळलं. पहारेकऱ्यानं व्याहींना बाजूला घेतलं. खिशातून निघाली कात्री, कंगवा आणि घडीचा वस्तरा, चामड्याच्या पाकिटात.

"हे काय, काका?"

"काय म्हणजे? कात्री."

"फिरायला कात्री घेऊन येता?"

"तू फिरायला घड्याळ घालून येतोस ना?"

पहारेकऱ्यानं एकदा स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. त्यानं पाकीट ठेवून घेतलं, जाताना न्या म्हणाला. कात्री हातातून गेल्यावर व्याही असे दिसायला लागले, जसं कुणी त्यांचा चष्मा काढून घेतलाय. हात खिशात घालायचे, बाहेर काढायचे, पुन्हा घालायचे.

आत चारी बाजूंना कपड्यांची दुकानं आणि काचेत पुतळे. व्याही पहिल्या काचेपुढे थांबले. दुसऱ्या काचेपुढे थांबले. तिसरीपुढे थांबून माझ्याकडे वळले. चेहरा उतरलेला.

"विहीणबाई, यांची डोकी कुठेत?"

मी बघितलं. खरंच की! इतकी वर्षं मी या काचांपुढून जातेय, माझ्या कधी लक्षातच आलं नाही. सगळ्या पुतळ्यांचे गळे सफाईनं कापलेले. कोट आहे, टाय आहे, बूट आहेत, डोकं नाही.

"आता तशीच फॅशन आहे बाबा," भाचा म्हणाला. "लक्ष कपड्यांवर राहतं."

"डोकं नको, नुसता कोट पुरे," व्याही म्हणाले. "बरंय. कापायला नको, धुवायला नको."

"आणि सासऱ्याला उत्तरं द्यायला नकोत," मी म्हटलं. भाच्यानं पुन्हा डोळे वटारले. वटार बाबा, तेवढाच व्यायाम.

भाचेसुनेला वडिलांसाठी कोरडा शर्ट घ्यायचा होता, म्हणून एका दुकानात गेलो. तिथली विक्रेती पोरगी आमच्या पाठीला अशी चिकटली, की वळलं तरी ती, थांबलं तरी ती. "सर, हा बघा. सर, हा तुम्हाला खुलेल. सर, साइझ?" व्याहींना पाठीमागे उभं राहायची सवय, पाठीमागे कुणी उभं राहिलेलं खपत नाही. चारदा सरकले. पाचव्यांदा वळून जरा आवाज चढवून म्हणाले, "पोरी, तू जा. मी बघून घेईन!"

संपलं. पोरगी दोन पावलं मागे. दाराशी तोच पहारेकरी काहीतरी निरोप घेऊन आलेला, त्यानं एवढंच ऐकलं. आणि त्याला ठाऊक होतं, या म्हाताऱ्याच्या खिशातून वस्तरा निघालाय. तो धावत आत, मागोमाग टाय लावलेला मॅनेजर.

"काका, धमकी कुणाला देताय?"

"धमकी?"

"आत्ता तुम्ही म्हणालात, बघून घेईन."

"मग? न बघता घेऊ?"

"नीट बोला. पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा. आमच्या फौजदाराची मान—"

"बाबा!" भाचेसून मध्ये पडली. "अहो, ते शर्टाबद्दल बोलत होते. आधी बघतो, मग घेतो, असं."

मॅनेजरनं जरा विचार केला. भाषा तीच, शब्द तोच. एकानं म्हटलं की गिऱ्हाईक होतं, दुसऱ्यानं म्हटलं की गुंड. मग त्यानं दात दाखवले आणि शर्टाकडे हात केला. "सॉरी सर. मग बघितलात?"

"बघितला."

"घेताय?"

"नाही."

अशा दिमाखानं बाहेर पडले, की मी पर्स छातीशी धरून मागोमाग धावले. व्याही अजून ओल्या शर्टातच. भाचेसून रडायच्या बेतात, भाचा लालबुंद. आणि मला, देवाशपथ, खोकल्याचं सोंग करावं लागलं.

आता इथे भाच्यानं गप्प बसावं की नाही? पण नाही. हुकमाचं पान म्हणून जे मागे ठेवलं होतं, ते त्यानं तेव्हाच काढलं. वरच्या मजल्यावर आम्हाला घेऊन गेला, एका लांबच लांब काचेपुढे. आत त्याचं ते मोठं सलून. काळ्या खुर्च्यांची रांग, पांढरे दिवे, सगळीकडे आरसेच आरसे. व्याही काचेपुढे उभे राहिले. लहान मूल खेळण्याच्या दुकानापुढे उभं राहतं ना, तसे. हात खिशात गेला, कात्री नव्हती, बाहेर आला.

"बाबा, इथल्या मालकाशी मी बोलून ठेवलंय," भाचा म्हणाला. "घरी बसून कंटाळाल ना तुम्ही. चार तास यायचं फक्त."

व्याही एकदम वळले. "खुर्ची कुठली?"

"खुर्ची नाही. ती ट्रेनिंग घेतलेली मुलं असतात. तुम्ही दारात. येणाऱ्याकडे बघून हसायचं, 'या' म्हणायचं. पावसाळ्यात छत्र्या घ्यायच्या. गुडघ्याला त्रास नाही. स्टूल देतात."

  भाचेसून नवऱ्याकडे वळली आणि इतक्या हळू आवाजात बोलली, की मला भीती वाटली. "छत्र्या? माझा बाप छत्र्या धरणार? मला का नाही विचारलंस?"

"अगं, मी त्यांच्यासाठीच—"

"थांब पोरी," व्याही म्हणाले. रागावले नव्हते. काचेतून आतच बघत होते. "विहीणबाई, इकडे या. काय दिसतंय?"

मी बघितलं. खुर्च्यांवर माणसं बसलेली, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येकाची हनुवटी छातीवर. मागे उभी मुलं मशीन फिरवतायत. कुणी कुणाशी बोलत नाही.

"इथे सांगावंच लागत नाही," ते म्हणाले. "सगळ्यांच्या माना आधीच खाली आहेत."

काचेकडे पाठ केली. मग म्हणाले, "चला. चहा घरी पिऊ."

जाताना पहारेकऱ्याकडून पाकीट घेतलं. उघडून कात्री हवेत दोनदा चालवून बघितली, जसं पहारेकऱ्यानं तेवढ्यात कुणाचे केस कापले असतील.

घरी आलो, कपडे बदलले, चहा झाला.  संध्याकाळ झाली होती, फोन केव्हाही येईल. भाच्यानं कप खाली ठेवला आणि विषय काढला.

"बाबा, त्या माणसाचा फोन येईल. काय सांगू?"

"सांगा, बघितलं. घेत नाही."

"बाबा, हा शर्टाचा प्रश्न नाहीये! तुम्ही पुन्हा पडलात तर? तिकडे कोण आहे? आणि, वाईट वाटून घेऊ नका, पण आता तुमची नजरही पहिल्यासारखी राहिली नाही. सकाळपासून माझे कल्ले खालीवर म्हणताय. ते सारखे आहेत!"

मी कप हातातच धरून बसले. बोलला खरा शहाणा! गुडघ्याला नावं ठेवली असती तर म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं असतं.

"बरं," व्याही म्हणाले. "कल्ले सारखे असतील तर माझी नजर गेली. मग सलून विका, मी इथे राहतो. धरा तुमच्या त्या छत्र्यासुद्धा माझ्या हातात. खालीवर असतील तर उद्या सकाळची गाडी, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"कबूल! आणि ठरवणार कोण? आत्या नको, ती फितूर आहे."

"पोरगी ठरवेल," व्याही म्हणाले.

भाच्याचा चेहरा उजळला. त्याचं बरोबरच होतं म्हणा. बाप इथे राहावा म्हणून तिनं रात्री जागवलेल्या. एक शब्द, 'सारखे', एवढाच म्हणायचा होता तिला. खोटं म्हणून कुणी पकडणार नव्हतं, कल्ला तो केवढा!

पण पोरगी लहानपणी शाळेतून आली की त्याच सलूनच्या बाकड्यावर अभ्यास करायची, आणि गिऱ्हाइकाचं झालं की मागून आरसा धरायचं काम तिचं. हे आमच्या शहाण्याला लग्नाआधीपासून माहीत. लक्षात कोण ठेवतो?

ती उठली. नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली. दोन्ही हातांच्या तर्जन्या त्याच्या दोन्ही कल्ल्यांच्या टोकांना लावल्या आणि डोळे बारीक केले. बापाकडे तिनं बघितलं नाही. बापही तिच्याकडे बघत नव्हता, खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत होता, पण कान इकडे. तिची बोटं तशीच राहिली.  मला वाटलं, म्हणते आता.

"उजवा," ती म्हणाली. "चांगला अर्धं बोट खाली आहे, बाबा." आणि आत निघून गेली. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

 व्याही आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "रोज रात्री फोन करेन गं. आणि बाकड्यावर एक पोरगं ठेवतो मदतीला. उभं राहणं कमी करतो."

"स्टूल घ्या," आतून आवाज आला.

"घेतो."

"बघून घ्या."

आत हसल्यासारखं काहीतरी झालं. मग व्याही उठले, पाकीट उघडलं, कुठलं तरी जुनं वर्तमानपत्र जावयाच्या गळ्याभोवती खोचलं आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. गुडघा कण्हला, त्यांच्या त्या खुर्चीसारखा. तेवढ्यात टेबलावर फोन वाजायला लागला.

"बाबा, फोन—"

"वाजू दे. मान खाली."

"अहो बाबा, कल्ला बाजूला असतो! त्याला मान खाली कशाला लागते?"

"लागते."

"नाही लागत! त्या सलूनमध्ये कल्ले करताना मान सरळ ठेवतात."

"म्हणूनच खाली आला तो."

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी चहात बघितलं. फोन वाजून वाजून बंद पडला.

आणि आमच्या दिवट्यानं मान खाली घातली.